लहान मापाचा माणूस

ब्लेडबाईंना हे नाव हेडबाईंनी ठेवलं की अख्ख्या खोलीने मिळून, यावर अजून एकमत नाही. कारणं मात्र दोन होती आणि दोन्ही खरी. ट्रेसिंगच्या कापडावर चुकून पडलेली शाईची रेघ ब्लेडच्या कोपऱ्याने खरवडून, वर खडूची पूड चोळून, जणू पडलीच नव्हती अशी नाहीशी करण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. हे पहिलं. दुसरं कारण त्यांनी तोंड उघडलं की समजायचं.

त्या नोकरीला होत्या ते लष्करासाठी शस्त्रं आखणारं कार्यालय. तिथे बंदूक बनत नसे. तिथे ती कागदावर जन्म घेई आणि मग कारखान्यात जाई. पुढच्या मोठ्या खोलीत ड्राफ्ट्समन पुरुष पेन्सिलीने ड्रॉइंग काढत. मागच्या खोलीत ट्रेसर बायका, हेडबाईंच्या देखरेखीखाली, त्यावर खळ दिलेलं, दुधी काचेसारखं दिसणारं तलम कापड ताणून बसवत आणि खालची पेन्सिल वर काळ्या शाईत उतरवत. पुरुषांची नावं कोपऱ्यातल्या मोठ्या चौकटीत, बायकांची आद्याक्षरं छोट्या चौकटीत. पगाराचंही तसंच. ब्लेडबाई कॉलेजची पदवी घेऊन तिथे लागल्या होत्या, आणि पदवी घेऊन दुसऱ्याच्या रेघांवर रेघा ओढायच्या याचा त्यांना सुरुवातीला भयंकर राग आला. मग रेघच आवडायला लागली. या टोकापासून त्या टोकापर्यंत एका जाडीची, कुठेही न थरथरलेली रेघ ओढून झाली की जे वाटायचं ते पुढे लग्नातसुद्धा फारसं वाटलं नाही, असं त्या नवऱ्याच्या देखत सांगत. तो बिचारा हसायचा.

त्या दिवसांत कार्यालयात एकच धामधूम होती, नव्या रायफलीची. जुनी लांबलचक आणि जड. उंच माणसाचं तिच्याशी जमायचं. आखूड हातांच्या माणसाने दस्ता खांद्याला लावला की चापापर्यंत बोट पोचवता पोचवता त्याची मान वाकडी व्हायची. नवी अशी हवी होती की कोणत्याही मापाच्या माणसाने उचलली तरी खांद्यावर नीट बसेल. म्हणून तीन मापांची तीन माणसं निवडली. मोठ्या मापाचा म्हणून फाटकावरचा पहारेकरी, मधल्या मापाचा म्हणून एक फिटर, आणि लहान मापाचा म्हणून ब्लेडबाईंचा भाऊ.

भाऊ वयाने मोठा, पण उंचीने बहिणीच्या कानाशी. सैनिक वगैरे नव्हता. चांदमारीच्या मैदानावर निशाणाच्या पुठ्ठ्यांना पडलेली भोकं कागदाचे तुकडे चिकटवून बुजवायची, हे त्याचं काम. "लोक भोकं पाडतात, मी बुजवतो, दोघांनाही पगार मिळतो," असं तो म्हणे. उंचीवरून जन्मभर टोमणे खाल्लेल्या माणसाला त्याच उंचीसाठी साहेबांनी बोलावून घेतलं, याची त्याला फार गंमत वाटली. घरी येऊन आईला म्हणाला, "अख्ख्या खात्यात माझ्याएवढा बुटका दुसरा सापडला नाही. तुझी कृपा."

"माझी कशाला? तुझ्या बाबांची," आई म्हणाली. बाबा छापखान्यात खिळे जुळवत. त्यांनी वर्तमानपत्रातून डोकंही वर केलं नाही.

मग फोटो सुरू झाले. उभं राहून नेम धरलेला, गुडघा टेकून धरलेला, पालथं पडून धरलेला. दस्ता अर्धं बोट आखूड केला की पुन्हा तेच सगळं. काम गुप्त होतं, त्यामुळे फोटोत कोणाचाही चेहरा दिसता कामा नये असा हुकूम. शाई ट्रेसर बायकांच्या खोलीत, म्हणून फोटो त्यांच्याकडे यायचे, चेहरे काळे करायला. बहिणीच्या टेबलावर भावाच्या फोटोंचा गठ्ठा पडला की खोलीत हसू फुटायचं. आणि संध्याकाळी घरी आल्याआल्या भाऊ विचारायचा, "आज किती वेळा तोंड काळं केलंस माझं?"

"तुझं काय काळं करायचं? जन्मतःच आहे," ब्लेडबाई म्हणायच्या. त्या वेळी त्या नुसत्या ताई होत्या, धाकट्या बहिणीच्या. धाकटी तेव्हा नुकती चालायला लागली होती आणि भावाच्या बुटांत पाय घालून घरभर फिरायची.

एकदा सैनिकांच्या शिक्षणाच्या पुस्तकासाठी चित्रं हवी होती. अजून काळ्या न केलेल्या फोटोवर कापड ठेवून नुसत्या बाह्यरेघा काढायच्या, चेहऱ्याच्या जागी कोरा लंबगोल सोडायचा. ब्लेडबाईंची तंद्री लागली. टोपी काढली, कान काढला, आणि हात थांबलाच नाही. नाक, डोळे, ओठ, सगळं काढून मोकळ्या झाल्या. हेडबाई मागे येऊन उभ्या राहिल्या.

"चेहरा कोणी सांगितला होता?"

"खाली होता, म्हणून वर आला."

"खाली बराच काय काय असतं. सगळंच वर आणायचं नसतं."

कापड बाद झालं. बाद कापड बायकांनी घरी न्यायचं, ही तिथली जुनी रीत. उकळत्या पाण्यात टाकलं की खळ निघते, खळीबरोबर शाईही निघते, आणि खाली उरतं ते इतकं मऊसूत कापड की बाजारात त्याला हात लावायची कोणाची ऐपत नव्हती. त्या खोलीतल्या सगळ्या बायकांच्या पोरांची झबली बंदुकांच्या भागांची होती. मात्र ही रायफल गुप्त. तेव्हा हेडबाईंनी कात्रीने रायफलीचा भाग कापून जाळायला ठेवला, आणि उरलेला तुकडा, म्हणजे नेमका चेहऱ्याचा, ब्लेडबाईंच्या हातात दिला. त्यांनी तो भावाला दाखवायचा म्हणून गुंडाळी करून कपाटावर ठेवला. आईने पाहिलं, नेहमीचंच कापड आहे असं समजली आणि उकळायला टाकलं. त्याचा रुमाल झाला. भाऊ तो खिशात घालून फिरायचा आणि जेवण झालं की सगळ्यांना सांगायचा, "बघा, माझ्या तोंडाने माझं तोंड पुसतोय."

घरात आठवडाभर हसणं चालू होतं. त्याच वर्षी भावाला ताप आला आणि तो उतरला नाही.

त्या घरात फोटो काढायची चैन नव्हती. भावाचा एकच फोटो होता, तो खात्याच्या ओळखपत्रावर. माणूस गेला की ओळखपत्र परत करायचं, असा नियम होता. आई नियमाची बाई. ती स्वतः जाऊन देऊन आली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला काय केलं ते उमगलं आणि तिने बाबांना पळवलं. तोवर कार्ड कापून भट्टीत गेलं होतं. त्यानंतर आईने घरात भावाचं नाव निघू दिलं नाही. रुमालाचं काय झालं ते कोणाला विचारायचं धाडस नव्हतं.

ब्लेडबाईंचं पुढचं आयुष्य चारचौघींसारखं गेलं. लग्न झालं, मुलगा झाला, नोकरी चालू राहिली. पुढे कापडाऐवजी प्लास्टिकचे तक्ते आले, मग संगणक आला, ट्रेसर बायकांची खोली मोडून तिथे थंडगार यंत्रं बसली आणि ब्लेडबाईंना फायली लावायच्या कामावर टाकलं. त्या पुरत्या दोन महिनेही टिकल्या नाहीत. मुदतीआधीच निवृत्ती घेतली. नवरा गेला. मुलगा चांगला निघाला आणि चांगल्या मुलांसारखाच लांब गेला.

एक गोष्ट मात्र त्यांनी कोणाला सांगितली नाही. भावाचा चेहरा त्यांना आठवेनासा झाला होता. कधीपासून, तेही सांगता येईना. त्याची चाल आठवे, जिना चढताना एक पायरी गाळायची खोड आठवे, मागून दिसणारी मान तर इतकी स्पष्ट की हात लावावा. पण तो वळला की चेहऱ्याच्या जागी काळा लंबगोल. व्यवस्थित, कडा कुठे न फाटलेला. त्यांच्याच हातचा.

आणि धाकटी विचारायची. पोरवयात विचारायची, लग्न झाल्यावर विचारायची, नर्सच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर, गुडघे धरून सोफ्यावर बसूनही विचारायची. "ताई, दादा दिसायचा कसा गं?"

"माणसासारखा," ब्लेडबाई म्हणायच्या, आणि विषय बदलायच्या.

तर अशा सगळ्या वर्षांनंतर कार्यालयाची जुनी इमारत पाडायला निघाली. एक लाकडी आडभिंत काढली तर मागे पोलादी कपाट निघालं, आणि कपाटात त्या रायफलीचा सगळा जन्म: ड्रॉइंगं, चाचण्यांचे अहवाल, फोटो. हे सगळं फार पूर्वीच नष्ट झालं असं सरकारदरबारी लिहिलेलं होतं. रायफलही आता कोणी वापरत नव्हतं, गुप्त असं काही उरलं नव्हतं. तेव्हा दस्तऐवज खात्याच्या अधिकारीण बाईने हयात असलेल्या जुन्या माणसांना फोन लावायला सुरुवात केली. हयात फार नव्हती.

"फोटो आहेत?" ब्लेडबाईंनी फोनवर एवढंच विचारलं.

"पुष्कळ आहेत, आजी. पण चेहरे काळे केलेत सगळे."

"ते मला माहीत आहे," ब्लेडबाई म्हणाल्या. "कधी येऊ?"

धाकटीला त्यांनी सांगितलं नव्हतं. पण तिला कळलं, कारण ब्लेडबाईंनी तिच्याकडे चांगला चष्मा उसना मागितला आणि कशाला ते तिने काढून घेतलं. ठरलेल्या दिवशी ती बस थांब्यावर आधीच येऊन बसलेली.

"तू कुठे निघालीस?"

"तू निघालीस तिथे. तो माझाही भाऊ होता."

"तुला काय आठवतंय त्याचं?"

"काही नाही. म्हणूनच येतेय."



दस्तऐवज खात्याच्या फाटकावर पहारेकऱ्याने पर्स तपासली. तिच्यातून औषधाची डबी निघाली, रुमाल निघाला, आणि कागदात गुंडाळलेलं एक ब्लेड निघालं.

"हे काय, आजी?"

"ब्लेड."

"ते दिसतंय. कशाला?"

"म्हातारपणी दाढी येते बायकांना. तुला माहीत नाही?"

पहारेकरी लाजला, पण ब्लेड काही त्याने आत जाऊ दिलं नाही. धाकटी सगळा वेळ ताईकडे बघत होती. आत कॉरिडॉरमध्ये आल्यावर हळूच म्हणाली, "खरवडणार होतीस?"

"बघू म्हटलं."

"सरकारी कागद आहेत गं ते."

"शाई माझी आहे."

अधिकारीण बाई फोनवर वाटली होती त्याहून तरुण होती, केस आखूड, बोलणं नेमकं. तिने दोघींना लांब टेबलाशी बसवलं, हात धुवायला लावले, आणि आजी, हे असं, आजी, ते तसं, असं समजावू लागली.

"आजी घरी. इथे मी ट्रेसर होते," ब्लेडबाई म्हणाल्या.

"बरं," ती म्हणाली, जरा हसून, "मग ट्रेसरबाई, आधी ड्रॉइंगं बघा."

तिने पहिली गुंडाळी उलगडली आणि ब्लेडबाई पुढे सरकल्या. कापड कडेला पिवळं पडलं होतं, पण रेघा जशाच्या तशा. दस्त्याचा बाक, चापाची कमान, नळीवरचे बारीक आटे. वाकून वास घेतला तर खळीचा आणि खडूचा तोच वास, आणि त्या वासाबरोबर सगळी खोली आली: उंच खिडक्या, ताणून बसवलेलं कापड, शाई वाळेपर्यंत कोणी हसायचं नाही म्हणून दाबून धरलेलं हसू. कोपऱ्यातल्या छोट्या चौकटीत त्यांची आद्याक्षरं. माहेरची. त्या नावाने हाक मारणारं आता जगात एकच माणूस होतं, आणि ते शेजारी बसून चष्मा पुसत होतं.

मग अहवाल. अधिकारीण बाईने एक फाइल पुढे ओढली. "यात चाचणी देणाऱ्या माणसांचं म्हणणं लिहून ठेवलंय. मोठं माप, मधलं माप, लहान माप. मोठा आणि मधला अगदी शिस्तीत उत्तरं देतात. हा लहान मापाचा मात्र..." ती वाचायला लागली. "'लहान मापाच्या माणसाचे म्हणणे असे की, खांद्याला धक्का बसतो पण तक्रार नाही, तक्रार टोपीची आहे, ती दर गोळीला नाकावर येते.' पुढच्या महिन्यात: 'लहान मापाच्या माणसाचे म्हणणे असे की, दस्ता आता छान झाला आहे, तेव्हा राहिलेल्या लाकडात त्याच्यासाठी एक स्टूल करून मिळावे.' हे असं त्यांनी टाइप करून वर पाठवलंय. सहीशिक्क्यासकट."

धाकटी खुदकन हसली. मग तिने तोंडावर हात ठेवला आणि तो काढलाच नाही. भावाचं एक वाक्य तिने जन्मात पहिल्यांदा ऐकलं होतं.

"आणखी वाचा," ती हातामागून म्हणाली.

"वाचते. आधी फोटो बघून घेऊ, उजेड चांगला आहे तोवर," अधिकारीण बाई म्हणाली.

फोटो पारदर्शक पाकिटांत घातलेले होते. ब्लेडबाईंनी एकेक उचलला. उभा. गुडघ्यावर. पालथा. बुटांच्या नाड्या दिसत होत्या, बाहीवरच्या चुण्या दिसत होत्या, चापावरचं बोट दिसत होतं, तेही नखासकट. आणि टोपीच्या खाली काळा, गुळगुळीत, निर्दोष लंबगोल. पुढचा फोटो. पुन्हा तेच. कुठे एक ठिपका सुटलेला नाही, कुठे कडेला भुवईचा केस उरलेला नाही.

"किती छान काम केलंय कोणी तरी," धाकटी म्हणाली, आणि मग तिच्या लक्षात आलं.

ब्लेडबाईंनी पुढचा फोटो उचलला. गठ्ठा संपत आला तसा त्यांचा वेग वाढला. शेवटी त्यांनी पाकिटं बाजूला सारली आणि सरळ विचारलं, "ही शाई निघेल का?"

"नाही."

"मी काढू शकते. कापडावरची मी काढत होते. अशी, की भिंगातूनही कळणार नाही."

"कापडावरची निघते, मला माहीत आहे," अधिकारीण बाई म्हणाली. "फोटोवर शाईच्या खाली चिकट थर असतो, चित्र त्या थरात असतं. आमच्या तज्ज्ञांनी एका फाटक्या तुकड्यावर करून बघितलं." तिने खणातून एक तुकडा काढून दाखवला. शाई निघाली होती, आणि तिच्याबरोबर सगळंच निघालं होतं. खाली पांढरा कागद. "काळं आहे तोवर खाली निदान काही तरी आहे, असं म्हणता येतं."

"मूळ काचा? ज्यांच्यावरून फोटो काढले त्या?"

"त्या खरंच नष्ट केल्या. त्याची पावती आहे."

ब्लेडबाई हात मांडीवर ठेवून बसल्या. ज्यासाठी आपण आलो ते मिळणार नाही, हे त्यांना कळलं होतं, आणि आता उठून जायचं एवढंच बाकी होतं. उठवेना.

"एक गठ्ठा वेगळा ठेवलाय मी," अधिकारीण बाई म्हणाली. "खराब म्हणून. त्यावर काम नीट केलेलं नाही. तुम्हाला दाखवू का नको, असं वाटत होतं. कोणाच्या हातचं आहे ते ओळखता आलं तर बघा."

ब्लेडबाईंनी वरचा फोटो बघितला आणि लगेच म्हणाल्या, "फराटा."

फराटा म्हणजे त्यांच्या शेजारच्या टेबलावरची बाई. ब्रश शाईत बुडवायचा, एक फटकारा मारायचा, पुढचा फोटो घ्यायचा. घरी जायची तिला सदा घाई. हेडबाई तिला रोज बोलायच्या, ब्लेडबाईही बोलायच्या, आणि ती मान डोलवून पुन्हा फटकारे मारायची. तिने केलेले फोटो एरवी ब्लेडबाईच पुन्हा नीट करत. हा गठ्ठा नेमका राहून गेला होता. फोटो आधीचे असणार; काळे केले ते बहुतेक भाऊ आजारी पडला आणि ब्लेडबाई रजेवर होत्या, तेव्हा.

गठ्ठ्यात पहारेकऱ्याची हनुवटी होती. फिटरची अर्धी मिशी होती. आणि सगळ्यात खाली, गुडघा टेकलेला, रायफल खाली घेतलेला, लहान मापाचा माणूस होता. फराट्याने डोळ्यांवरून एक तिरका फटकारा मारला होता आणि तिचं काम झालं होतं. नाकाचा शेंडा, दोन्ही गाल, तोंड, हनुवटी, सगळं उघडं. तो हसत होता. मोठ्याने. खालच्या ओळीत एक दात दुसऱ्यावर चढलेला.

"दात," ब्लेडबाई म्हणाल्या. "दात विसरले होते मी."

धाकटीने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. फोटोच्या अगदी जवळ गेली. मग आपल्याच तोंडाला बोट लावून चाचपून पाहिलं. तिचाही एक दात तसाच होता; गेल्या वर्षी पडला.

"पातळ कागद आणि पेन्सिल मिळेल?" ब्लेडबाईंनी विचारलं. "पाकिटावरूनच करीन. फोटोला हात नाही लावणार."

अधिकारीण बाईने दोन्ही आणून दिलं. ब्लेडबाईंनी कागद पाकिटावर ठेवला, कडा डाव्या हाताने दाबली आणि पेन्सिल टेकवली. हात आता थरथरत होता, पण रेघ सुरू झाली की तेवढ्यापुरता थांबत होता. हनुवटी झाली. ओठ झाले. चढलेला दात झाला. गालाच्या घडीने पेन्सिल वर गेली, काळ्या पट्ट्याच्या काठाला लागली, आणि थांबली नाही. एकदा याच हाताने हा चेहरा काढला होता. डोक्यातून गेला असेल, हातात राहिला असेल, असं त्यांच्या मनात आलं. त्यांनी डोळे जवळजवळ मिटून हाताला सोडून दिलं. एक डोळा झाला. दुसरा झाला. भुवया झाल्या.

त्यांनी कागद उचलला. पांढऱ्यावर एक हसरा तरुण माणूस होता, पुरता, कुठे जोड न दिसणारा. अधिकारीण बाई म्हणाली, "अगं बाई, किती छान. हेच असतील."

ब्लेडबाईंनी कागद धाकटीपुढे धरला. जन्मभर ती जे मागत होती ते आता तिच्यासमोर होतं. एवढं म्हणायचं होतं की हा घे, हा दादा. त्या ते म्हणणारही होत्या.

धाकटीने बराच वेळ बघितलं.

"डोळे बाबांचे काढलेस," ती म्हणाली.

ब्लेडबाईंनी पुन्हा बघितलं. बाबांचेच होते. वर्तमानपत्रावरून न उठणारे.

"हो."

"मग पूस. बाबा आठवतात मला."

ब्लेडबाईंनी रबर घेतलं आणि पुसलं, सावकाश, एका दिशेने, कागदाला घडी न पडू देता. भुवया गेल्या, डोळे गेले. अधिकारीण बाईला वाईट वाटलं असावं. तिने न मागताच मूळ फोटोची प्रत काढून आणली, पुठ्ठ्याच्या पाकिटात घातली, आणि अहवालांतली लहान मापाच्या माणसाची सगळी म्हणणी उतरवून पाठवते म्हणाली. फोटोखाली लिहायला तिने त्याचं नाव विचारलं. धाकटीने ते सांगितलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत, वडिलांच्या नावासकट, आणि लिहिलेलं नीट आहे ना ते दोनदा बघितलं.

फाटकावर पहारेकऱ्याने ब्लेड परत दिलं. ब्लेडबाईंनी ते तिथल्याच कचऱ्याच्या डब्यात टाकलं आणि कचरा उचलणाऱ्याचा हात कापू नये म्हणून वर कागदही टाकला.

बसमध्ये दोघींना खिडकीशी जागा मिळाली. पाकीट ब्लेडबाईंच्या मांडीवर.

"कशाला हसला असेल गं?" धाकटी म्हणाली.

"मला काय माहीत? मी काय तिथे होते?"

"टोपी पडली असेल."

"टोपी डोक्यावर आहे. नीट बघत नाहीस."

"मग फोटोवाला काही बोलला असेल."

"तो कसला बोलतोय. पगाराच्या दिवशीसुद्धा खुणेने बोलायचा." ब्लेडबाईंनी पाकिटाचा कोपरा सरळ केला. "त्याला हसायला कारण लागायचं नाही."

हे बोलून त्या स्वतःच चमकल्या. भावाबद्दल त्या आपणहून एक वाक्य बोलल्या होत्या.

"आणखी कशाला कारण लागायचं नाही त्याला?" धाकटीने हळूच विचारलं, झाडावरच्या पाखराशी बोलावं तसं.

"शिट्टी वाजवायला. उशिरा यायला. तुला उचलायला. सारखं उचलून ठेवायचा, चालू द्यायचाच नाही; म्हणून तू उशिरा चाललीस. आई चिडायची. म्हणायची, हिचे पाय तुझ्या कमरेलाच राहतील." आणि मग ब्लेडबाई सुटल्याच. जिन्यावरची गाळलेली पायरी, बूट, रुमाल, आईशी चालणारी थट्टा, तापात बडबडताना पुठ्ठ्यांचे नंबर म्हणायचा ते. कंडक्टरने येऊन कुठे जायचं म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, "थांबा जरा, सांगतेय मी." तो उभा राहिला. धाकटीने मधे हात घालून तिकिटं घेतली, नजर ताईच्या तोंडावरून न काढता.

"आवाज कसा होता?"

"चढा. बुटक्या माणसांचा असतो तसा. लांबून ऐकू यायला हवा ना."

"केस?"

"दाट. तेल न लावलेले. त्यावरूनही भांडण."

"आणि डोळे?"

ब्लेडबाई बोलता बोलता थांबल्या. खिडकीबाहेर दुकानं मागे जात होती, पाट्या, शिड्या, कोणी काच पुसणारा माणूस. त्यांनी पाकीट थोडं उघडून आत बघितलं, हसणाऱ्या तोंडाकडे, आणि त्याच्या वरच्या काळ्या पट्ट्याकडे. मग बंद केलं.

"दोन होते," त्या म्हणाल्या.